खुर्ची, सतरंजी आणि आपले गुडघे



मागच्या महिन्यात आमच्या महिला मंडळाची मीटिंग झाली. विषय साधाच होता. चातुर्मास जवळ आलाय, प्रवचनाला गर्दी होणार, सभागृहात खुर्च्या कमी पडतात, तेव्हा आणखी पन्नास खुर्च्या घ्यायच्या आणि जागा व्हावी म्हणून सतरंज्या गुंडाळून माळ्यावर टाकायच्या. एका श्राविकेच्या मुलानं अर्धा खर्च उचलायची तयारीही दाखवली होती. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एवढंच म्हटलं, "खुर्च्या जरूर घेऊ, पण सतरंज्या राहू द्या. आणि दीड तासाच्या प्रवचनात मध्ये दोनदा सगळ्यांनी मिळून उभं राहायचं, असं काही ठरवता येईल का?"

झालं! एक वहिनी म्हणाल्या, "तुमचे गुडघे धड आहेत म्हणून सुचतंय हे." दुसऱ्या म्हणाल्या, "मंदिरात आता पीटीचा तास घ्यायचा का?" सगळ्या हसल्या, मीही हसले. विषय पुढच्या मीटिंगवर गेला. घरी येताना रिक्षात मात्र मन खट्टू झालं होतं. जे सांगायचं होतं ते माझ्या तोंडून निघालंच नव्हतं.

ते सांगायचं तर आधी माझ्या सासूबाईंबद्दल सांगावं लागेल.

आम्ही पेठेतल्या वाड्यात राहायचो. वर जायला लाकडी जिना, संडास चौकापलीकडे. सासूबाईंचा दिवस पहाटे पाणी गाळण्यापासून सुरू व्हायचा. मग मंदिर, अभिषेक, आणि अष्टद्रव्याची सगळी पूजा उभ्यानं. घरी आल्या की जमिनीवर विळी घेऊन भाजी, सुपात धान्य निवडणं, वाकून केर काढणं. दुपारी माळ घेऊन मांडी घालून बसायच्या खऱ्या, पण माळ ठेवली की लगेच उठायच्या. कोणी आलंय, दूध वर येतंय, वाळवण उचलायचंय. व्यायाम हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

पुढे वाडा बिल्डरकडे गेला आणि आम्ही लिफ्टवाल्या इमारतीत राहायला आलो. तेव्हा त्या बाहत्तर वर्षांच्या होत्या. मी मनाशी ठरवलं, यांनी आयुष्यभर कष्ट केले, आता यांना सुख द्यायचं. विळी माळ्यावर गेली. निवडलेलं धान्य पाकिटातून यायला लागलं. टीव्हीसमोर पाय वर करता येतील अशी गुबगुबीत खुर्ची आणली, चांगली महागाची. चहा हातात, ताट हातात, गोळी हातात. त्या जरा उठायला लागल्या की मी म्हणायची, "आई, तुम्ही बसा, मी देते." पाहुणे यायचे आणि म्हणायचे, सून असावी तर अशी. मला बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

दोन वर्षांत त्यांचं चालणं खुर्ची ते बाथरूम एवढंच उरलं. मग एका पावसाळ्यात ताप आला. डॉक्टर म्हणाले, आराम करू द्या. आम्ही तो शब्द इतका पाळला की तीन आठवडे त्यांना पलंगावरून उतरूच दिलं नाही. ताप गेला आणि त्याच्याबरोबर पायही गेले. कमोडवरून उठवायला दोन माणसं लागू लागली. मग बाथरूममध्ये पडणं, खुब्याचं हाड, ऑपरेशन, वॉकर. हे सगळं तुमच्यापैकी अनेकींनी आपापल्या घरी पाहिलंय, मी लांबवत नाही. शेवटची दोन वर्षं त्या व्हीलचेअरवरून मंदिरात जायच्या. भगवंतासमोर गुडघे टेकून नमस्कार करता येत नाही, हे त्यांना फार लागायचं. एकदा मी त्यांच्या पायांना तेल चोळत होते, तेव्हा शांतपणे म्हणाल्या, "तू मला बसवून बसवून बसवलंस गं." आवाजात राग नव्हता. हिशेब सांगावा तसं म्हणाल्या.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी सहासष्ट वर्षांची झाले. परवा मी कुकर लावायला उठले तर सूनबाई अगदी प्रेमानं म्हणाली, "आई, तुम्ही बसा ना, मी लावते." माझ्या अंगावर काटाच आला.

माझ्या नणंदेची मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. मागे एकदा तिच्याजवळ हे बोलले, तेव्हा तिनं एका प्रयोगाबद्दल सांगितलं. २००७ साली तो अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. सरासरी ६७ वर्षांच्या, चांगल्या धडधाकट स्त्री-पुरुषांना दहा दिवस नुसतं पलंगावर ठेवलं. आजार नाही, ताप नाही, खाणंपिणं व्यवस्थित. दहा दिवसांत त्यांच्या पायांचे स्नायू सरासरी जवळजवळ एक किलोनं घटले. "मामी, आजीला तर आपण तीन आठवडे ठेवलं, तेही तापात," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "तेव्हा कोण कोणाला सांगत होतं गं हे." तिनं समजूत काढली, पण एक किलो हा आकडा काही डोक्यातून जाईना. आपण भाजीवाल्याकडे एक किलो दुधी हातात घेऊन बघतो ना, तेवढं!

बसून राहिल्यानं आत काय होतं ते तिनं मला सोप्या भाषेत समजावलं, तसंच तुम्हाला सांगते. पायांकडे गेलेलं रक्त परत वर ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू मदत करतात. आपण चालतो तेव्हा ते आवळतात, सैल होतात, आणि पिचकारीसारखं रक्त वर जातं. तासन्‌तास बसलं की पिचकारी बंद. म्हणून तर संध्याकाळी पाय सुजतात आणि चपलेचा पट्टा रुततो. दुसरं साखरेचं. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू. ते स्वस्थ पडले की साखर रक्तातच राहते, दुकानात न खपलेला माल पडून राहतो तशी. पोटाचंही तेच. हालचाल थांबली की आतडीही सुस्तावतात, आणि आपण चूर्णाच्या डब्या बदलत बसतो. या सगळ्यात वाईट म्हणजे तोल. खुर्चीतून उठताना जे स्नायू लागतात, तेच अडखळल्यावर सावरायलाही लागतात. ते गेले की माणूस पडतो. तरुणपणी पंधरा दिवस झोपून काढले तर महिन्याभरात भरून निघतात. साठीनंतर मुद्दलच खर्ची पडतं, आणि ते परत उभं करायला फार काळ लागतो.

बसण्यातला धोका पहिल्यांदा नीट मोजला गेला तो लंडनच्या बसमध्ये. जेरी मॉरिस नावाचे डॉक्टर होते, त्यांचा अभ्यास १९५३ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. तिथल्या दुमजली बसचे ड्रायव्हर दिवसभर बसून, आणि कंडक्टर दिवसभर जिना चढून-उतरून तिकिटं फाडणारे. एकाच कंपनीचे, साधारण सारख्याच परिस्थितीतले लोक. पण हृदयविकार ड्रायव्हरांमध्ये जास्त निघाला. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले. हे ऐकल्यापासून मला आपली घरं तशीच दिसायला लागली आहेत. जी वाढते, उचलते, कपडे वाळत घालते, दार उघडायला धावते, ती कंडक्टर. आणि ज्यांना आपण मान म्हणून बसवून ठेवतो, ते ड्रायव्हर.

"पण मी कुठे जाड आहे?" असं म्हणणाऱ्या मैत्रिणी माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी आपल्या पुण्यातलीच गोष्ट. रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली त्याच 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघंही सडपातळ. उंचीच्या मानानं वजन, ज्याला बीएमआय म्हणतात, तो दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन पळणारे. आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी धावत ती गाठणं, असं त्या दोघांनीच गमतीनं लिहिलंय. आता एवढा फरक नुसत्या बसण्यानं पडत नाही. आपल्याकडची बाळं जन्मतःच कमी वजनाची पण तुलनेनं जास्त चरबीची असतात, त्यावर याज्ञिकांनी पुण्यात आणि आसपासच्या खेड्यांत वर्षानुवर्षं काम केलंय. पण मला यातून एवढं कळलं की काट्यावरचा आकडा बघून आपण निश्चिंत राहायचं कारण नाही. आपला बांधाच असा आहे की बसणं आपल्याला जास्त महागात पडतं.

मी बीएमसीसीची, १९८० सालची बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण रोजकीर्द आणि खतावणी विसरले नाही. भाची म्हणाली, "मामी, आधी किती बसतेस ते तरी लिहून काढ." मला वाटत होतं, मी दिवसभर उभीच असते. जुन्या डायरीत सात दिवस रोजकीर्द लिहिली. बसले की वेळ टाकायची, उठले की टाकायची. आठव्या दिवशी खाती पाडली आणि सरासरी काढली. झोप सोडून दिवसाला नऊ तास चाळीस मिनिटं! हे म्हणाले, बेरीज चुकली असेल. बेरीज चुकली नव्हती. सगळ्यात मोठं खातं टीव्हीचं निघेल असं वाटलं होतं, ते मोबाईलचं निघालं. चहा-पेपर, फोनवरच्या गप्पा, स्वाध्याय, प्रवचन, रिक्षा, लग्नाचे हॉल, दवाखान्यातलं थांबणं. आणि जमेच्या बाजूला काय, तर सकाळी सारसबागेतलं पाऊण तास चालणं. त्यातलीही पंधरा मिनिटं उभ्यानं गप्पांत जातात.

सकाळी चाललं की दिवसभर बसायला मोकळ्या, असं आपण सगळ्याच समजतो. तेवढ्यात भागत नाही. २०१६ साली दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून एक मोठा अभ्यास झाला. दिवसाला आठ तासांवर बसणाऱ्यांनी रोज ६० ते ७५ मिनिटं बऱ्यापैकी जोरात चालण्याएवढा व्यायाम केला, तर बसण्यामुळे वाढलेला मृत्यूचा धोका जवळपास पुसला जातो, असं त्यात दिसलं. पण रोज पाच तास आणि त्याहून जास्त टीव्ही बघणाऱ्यांचा धोका तेवढ्यानंही पुरता जात नाही. माझी खरी जमा अर्धा तास, आणि खर्च नऊ तास चाळीस मिनिटं. असा ताळेबंद असलेल्या दुकानाला कोणी उधार देईल का?

तेव्हापासून मी एक छोटा नियम घेतलाय. आपल्याला नियम घ्यायची सवय आहेच. कोणी हिरवी भाजी सोडतं, कोणी साखर. मी बसण्याला घडीची मर्यादा घातली. एक घडी म्हणजे २४ मिनिटं. टीव्ही असो, मोबाईल असो, फोन असो, एका बैठकीत घडीपेक्षा जास्त नाही. घडी भरली की उठायचं, गॅलरीपर्यंत जायचं, तुळशीला पाणी घालायचं, सुकलेले कपडे काढायचे, काहीही. पहिल्या आठवड्यात चिडचिड झाली. मालिकेतला नेमका महत्त्वाचा प्रसंग घडीलाच यायचा. मग लक्षात आलं, उभं राहूनही मालिका बघता येते आणि काही बिघडत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा रोजकीर्द लिहिली, सात तास दहा मिनिटांवर आले आहे. अजून बरंच येणं बाकी आहे.

आता संध्याकाळचं बोलते, कारण त्या वेळी आपण सगळ्यात मोठी चूक करतो असं माझं मत आहे. आपण सूर्यास्तापूर्वी जेवतो. रात्रिभोजनाचा त्याग हा आपल्या घरांचा केवढा मोठा ठेवा आहे! बाकीचे लोक साडेनऊला जेवून साडेदहाला आडवे होतात. आपल्याला जेवण आणि झोप यांच्यामध्ये तीन-चार तास मिळतात. आणि ते आपण कोणाला देतो? सोफ्याला. साडेसहाला जेवण, सातला टीव्ही, ते दहापर्यंत. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात मधुमेह असलेल्या ४१ जणांवर एक अभ्यास झाला, तोही २०१६ सालचाच. काही दिवस त्यांना दिवसातून केव्हाही एकदा तीस मिनिटं चालायला सांगितलं, आणि काही दिवस तीनही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं. चालणं तेवढंच. पण जेवणांनंतर चालल्यावर, जेवून झाल्यावर वाढणारी साखर १२ टक्क्यांनी कमी भरली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची तर २२ टक्क्यांनी. आपल्यात गोड खाणं कमी नाही, मधुमेहही कमी नाही. जेवणानंतरची ही दहा मिनिटं आपण का सोडायची?

काही जणी म्हणतील, अंधारात चाललं तर किडामुंगी पायाखाली यायची. खरं आहे, आणि हा विचार मनात येतो हे आपल्या संस्काराचं भूषण आहे. म्हणून मी दिवेलागणीआधीच दहा मिनिटं खाली उतरते, आणि उशीर झालाच तर घरातल्या घरात, हॉल ते गॅलरी. मुनींची ईर्यासमिती म्हणजे चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकणं. आपण साध्या श्राविका, पण पुण्यातल्या फुटपाथवर ती आपल्याकडूनही सक्तीनं पाळून घेतली जाते!

आता मंदिराचा विषय, ज्यावरून सगळ्या हसल्या.

आपण धर्म म्हटलं की बसणं डोळ्यासमोर आणतो. बसून जप, बसून स्वाध्याय, बसून प्रवचन. पण जिनमूर्ती आठवा. तीर्थंकरांच्या प्रतिमा दोनच आसनांत असतात, पद्मासन आणि खड्गासन. बसलेले किंवा सरळ उभे. कुंभोजच्या बाहुबलींपुढे आपण लहानपणापासून माना उंच करून उभ्या राहिलो, ती अठ्ठावीस फुटी मूर्ती उभीच आहे. वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले, अंगावर वेली चढल्या, ही कथा आपण नातवंडांना सांगतो. आपल्या मुनींच्या अठ्ठावीस मूलगुणांपैकी एक म्हणजे उभ्यानं आहार घेणं. आणि चातुर्मास सोडला तर त्यांचा विहार चालूच असतो, अनवाणी, गावोगाव. ज्यांचं प्रवचन ऐकायला आपण खुर्च्या वाढवतो आहोत, ते स्वतः कदाचित तीनशे किलोमीटर चालून आलेले असतात.

सामायिकाचंच घ्या. दोन घडी, म्हणजे ४८ मिनिटं मांडी घालून बसायचं, एवढंच आता आपल्या लक्षात राहिलंय. माझ्या आईनं मला जयसिंगपूरला शिकवलेलं सामायिक असं नव्हतं. आधी उभं राहून नऊ वेळा णमोकार. मग चारही दिशांना वळून प्रत्येक दिशेला तीन आवर्त आणि एक शिरोनती. बारा आवर्त, चार शिरोनती, स्वतःभोवती पूर्ण फेरी. मग नमस्कार करून बैठक, आणि समाप्तीला पुन्हा उभं राहणं. घाईघाईत हा उभ्याचा भाग आपणच गाळला आणि बसण्याचा तेवढा ठेवला. का, तर बसणं सोपं वाटतं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. सामायिक समतेसाठी असतं, गुडघ्यांसाठी नसतं. प्रत्येक क्रियेमागे विज्ञान आहे असे जे मेसेज फिरतात, त्यांचा मला कंटाळा आहे. आवर्त केल्यानं साखर उतरते असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणते की आपल्या विधींमध्ये उठणं, वळणं, वाकणं आधीपासून आहे. ते पुन्हा केलं तर आपण काही नवीन खूळ आणत नाही, आणि त्याला पीटीही म्हणता येणार नाही. कायोत्सर्गात नऊ णमोकार सत्तावीस श्वासोच्छ्वासांत म्हणायचे असतात. सावकाश म्हटले तर दोन मिनिटं होतात. ऑस्ट्रेलियात २०१२ साली एक प्रयोग झाला होता. दर वीस मिनिटांनी बसलेल्या लोकांना उठवून फक्त दोन मिनिटं हळू चालायला लावलं, तर तेवढ्यानंही जेवणानंतरची साखर आणि इन्सुलिन कमी राहिलं. उभं राहणं म्हणजे चालणं नव्हे, कबूल. पण खुर्चीतून हात न टेकता उठणं आणि सावकाश परत बसणं हा मांड्यांचा व्यायामच आहे, असं भाची सांगते. दीड तासात तसं तीनदा झालं तरी काही थोडं नाही.

सतरंज्यांबद्दल माझा आग्रह का, तेही सांगते. ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरो इथे डॉ. अराउजो यांनी ५१ ते ८० वयाच्या २००२ लोकांची एक साधी परीक्षा घेतली. जमिनीवर बसायचं आणि उठायचं. एकूण दहा गुण. हात टेकला, एक गुण गेला. गुडघा टेकला, एक गुण गेला. तोल गेला, अर्धा गेला. मग काही वर्षं त्या लोकांवर लक्ष ठेवलं. ज्यांना कमी गुण होते, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण बऱ्याच पटींनी जास्त निघालं. २०१२ साली हे प्रसिद्ध झालं. जगभरच्या लोकांना त्याचं नवल वाटलं. आपली तर ही रोजची परीक्षा होती, दिवसातून दहा वेळा, आणि आपण ती स्वतःहून बंद केली. मी भाचीसमोर करून बघितली. साडेसहा गुण. कॉलेजातसुद्धा इतके कमी कधी पडले नव्हते! तुम्ही करून बघणार असाल तर एकटीनं नको, आणि भिंतीजवळ करा.

ज्यांचे गुडघे खरोखर झिजले आहेत, ज्यांची गुडघ्याची ऑपरेशनं झाली आहेत, त्यांच्यासाठी खुर्ची हवीच. त्यात कमीपणा कसला? माझी सख्खी जाऊ गुडघे बदलून आली, तिला डॉक्टरांनी जमिनीवर बसायला मनाई केली आहे. खुर्चीमुळे ती मंदिरात येते, नाहीतर घरीच राहिली असती. माझं म्हणणं त्या बाकीच्या खुर्च्यांबद्दल आहे, ज्यांवर पंचावन्न-साठच्या, गुडघे धड असलेल्या बायका "आता वय झालं" म्हणून बसतात. मीही त्यांतलीच होते. एकदा खुर्ची धरली की सतरंजी परकी वाटायला लागते, आणि वर्षभरात खरंच उठता येईनासं होतं. मग आपण म्हणतो, बघा, गुडघे गेले. आणि घ्यायच्याच तर हाताच्या खुर्च्या घ्या. बिनहाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीतून उठताना जोर द्यायला काही नसतं आणि गुळगुळीत फरशीवर ती मागे सरकते.

एक काळजी मात्र घ्यायला हवी. झटकन उठायचं नाही. दशलक्षणात उपवास चालू असतात, काही जणींचा निर्जल. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या. अशा वेळी बसून एकदम उभं राहिलं तर रक्तदाब खाली येतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. मागच्या वर्षी एक काकू आरतीला घाईनं उठल्या आणि तिथेच कोसळल्या. नशीब, शेजारणीनं धरलं. आधी पाय हलवायचे, पावलं वरखाली करायची, खुर्चीचा हात किंवा भिंत धरून उठायचं, क्षणभर थांबायचं आणि मग पुढे. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखून गरम लागली, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली पासष्टच्या पुढच्यांसाठी सांगितलंय की आठवड्यातले तीन दिवस तरी तोल आणि ताकद वाढवणारं काही करावं, आणि बसण्यातला वेळ कमी करून त्या जागी हलकीशी का होईना हालचाल आणावी. आपल्या घरात तिची वाण नाही. डाळ निवडायला खाली बसा. वरच्या फळीवरचा डबा टाच उचलून स्वतः काढा, स्टुलावर मात्र चढू नका. मी माळ्यावरची विळी काढायला लावली, तर घरात मोठा वाद झाला. सूनबाई म्हणाली बोट कापेल, मुलगा म्हणाला लोक काय म्हणतील, हे म्हणाले, असू दे. शेवटी विळीवर फक्त कोबी आणि दुधी मी चिरते, बाकीचं ती ओट्यापाशी.

हा लेख मी तिला आधी वाचून दाखवला. ती गप्प झाली. मग म्हणाली, "पण आई, तुम्ही उठलात आणि मी काहीच बोलले नाही, तर कसं दिसेल ते?" तिचंही खरं आहे. मलाही तेव्हा तेच वाटायचं. मी म्हटलं, "'आई, बसा' म्हणू नकोस. 'आई, येताना मलाही पाणी आणा' म्हण." तिला हसू आलं. अजून म्हणत नाही, लाजते, पण कुकर आता मी लावते.

मंडळाची पुढची मीटिंग येत्या रविवारी दुपारी चारला आहे. मी ठराव लिहून आणणार आहे. खुर्च्या पन्नासऐवजी तीस, हाताच्या, भिंतीच्या कडेनं. पुढचा अर्धा भाग सतरंज्यांचा. आणि मुनिश्रींची आज्ञा मिळाली तर दर अर्ध्या तासानं एक कायोत्सर्ग, जिला जमेल तिनं उभ्यानं, जिला जमणार नाही तिनं बसून. ज्यांना हे पटत नाही, त्यांनी तर नक्की या.